गोव्यात इंग्लिश रायडिंगसाठी गरीब घोडा कसा पारखावा

पहिला घोडा घेताना माणसं रंग बघतात, उंची बघतात, आयाळीवरून हात फिरवतात आणि शेवटी विचारतात, "गरीब आहे ना?" विकणारा म्हणतो, "अगदी गाय आहे, पोराला बसवा." झाला सौदा. खरं तर हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, आणि त्याचं उत्तर विकणाऱ्याच्या तोंडून न घेता घोड्याकडून काढून घ्यायला हवं.

मान खाली घालून गप्प उभा असलेला घोडा गरीब असेलच असं नाही. तो आजारी असेल, उपाशी असेल, सकाळपासून पळवून दमवलेला असेल किंवा त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असेल. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. दचकणं त्याच्या रक्तातच आहे, त्यामुळे कधीच न दचकणारा घोडा शोधत बसू नका. दचकल्यावर जागच्या जागी थबकतो, भीती वाटली त्या वस्तूकडे कान रोखून बघतो आणि चार-पाच सेकंदांत एक कान पुन्हा स्वाराकडे वळवतो, असा घोडा हवा. भीती ओसरायला त्याला किती वेळ लागतो, हे माप हातात धरलं की पुढच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ लागतो.

इंग्लिश रायडिंगला घोड्याकडून काय हवं

इंग्लिश खोगीर चपटं आणि हलकं असतं, धरायला पुढे मूठ नसते. स्वार दोन्ही हातांत लगाम धरतो आणि घोड्याच्या तोंडाशी हलका पण सततचा संपर्क ठेवतो. पुढे जायची खूण पोटरीच्या दाबाने देतो आणि दुडकी चालीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, घोड्याच्या तालावर खोगिरात उठबस करतो. या पद्धतीला तीन गोष्टी लागतात: तालाची सरळ दुडकी, हलका हात समजणारं तोंड आणि पोटरीचा दाब लागला म्हणून न भडकणारं अंग.

आपल्याकडच्या बाजारात कौतुक होतं ते वेगळ्याच गुणांचं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांमध्ये 'रेवाल' चाल असते. या चालीत पाय एकेक करून पडतात, त्यामुळे पाठ हलत नाही आणि हातातला पेला सांडत नाही. लांबच्या प्रवासाला ती सुखाची आहे. पण दुडकीत पाय तिरप्या जोड्यांनी, एक-दोन, एक-दोन असे पडतात आणि उठबस शिकायला तोच ठोका हवा असतो. रेवालात पडणारा घोडा घेतला तर नव्या स्वाराला उठबस कधी करायची ते कळतच नाही. म्हणून विकणारा चाल दाखवायला लागला की स्पष्ट सांगा, "रेवाल नको, दुडकी दाखवा," आणि निदान दोनशे मीटर दुडकी बघा. मधेच चाल बदलत असेल तर तो घोडा शिकाऊ माणसासाठी नाही.

दुसरा प्रकार वरातीच्या, नाचणाऱ्या घोड्याचा. फटाके, बँड, गर्दी यांना तो बुजत नाही, म्हणून लोकांना वाटतं की याहून गरीब घोडा कुठे मिळणार. पण त्याला शिकवलेलं असतं ते उलटंच. लगाम ताणला की नाचायचं, आणखी ताणला की मागच्या पायांवर उभं राहायचं. त्यासाठी अनेकदा काटेरी बिट (तोंडात बसणारी लगामाची लोखंडी कडी) वापरलेलं असतं. आता कल्पना करा, नवा स्वार घाबरतो, तोल सावरायला लगाम ओढतो आणि घोडा इमानदारीने नाचायला लागतो. यात घोड्याची काहीच खोड नाही. त्याला शिकवलेली भाषा वेगळी, स्वाराची वेगळी. असा घोडा बदलतो, पण त्याला महिनोन्‌महिने साध्या, सौम्य स्नॅफल बिटवर जाणत्या माणसाने चालवावं लागतं. पहिला घोडा म्हणून तो घेऊ नये.

तिसरा प्रकार शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडचा. मुंबई, पुणे, बेंगळुरू, म्हैसूर इथल्या रेसकोर्सवरून बाहेर पडलेले घोडे स्वस्तात मिळतात, कधी फुकटही. दिसायला देखणे, दुडकी सुरेख. पण शर्यतीच्या घोड्याला लगामावर भार टाकून जोर लावायची सवय असते. तुम्ही थांबवायला ओढता आणि तो आणखी जोर लावतो. त्याच्या पाठीवरचा जॉकी पाय आखडून वर बसतो, त्यामुळे पोटरी अंगाला लागणं हेच त्याला नवीन असतं. चढायच्या ठोकळ्याशी शांत उभा राहून स्वाराला चढू देणंही त्याला बहुधा कुणी शिकवलेलं नसतं. सहा महिने ते वर्षभर नवी तालीम झालेला थरोब्रेड उत्तम घोडा ठरू शकतो. थेट रेसकोर्सवरून आणलेला मात्र नवख्याच्या हाती देऊ नका, तो कितीही शांत उभा असो.

राहिला चौथा, आणि आमच्या मते पहिल्या घोड्यासाठी सगळ्यांत चांगला: रायडिंग स्कूलमध्ये पाच-सहा वर्षं पोराटोरांना पाठीवर घेतलेला मध्यमवयीन घोडा. रंग साधा असेल, आयाळ विरळ असेल, एखादा जुना व्रण असेल. असा घोडा क्वचितच विकायला निघतो, म्हणून आधीपासून सांगून ठेवावं लागतं. लहान मुलांसाठी भीमथडी तट्टूही बघावं. भीमेच्या खोऱ्यातली ही काटक जात धनगरांच्या वाड्यावर बायका-पोरांत आणि मेंढरांत वाढते, ओझी वाहते, गर्दीला सरावलेली असते. पण ती सहसा खोगिराला सरावलेली नसते. तेवढी तालीम बाकी आहे असं धरूनच घ्या.

वय, उंची, वजन

पहिला घोडा ८ ते १६ वर्षांचा असावा. चार वर्षांचा घोडा कितीही सोज्वळ वाटला तरी त्याने जग पाहिलेलं नसतं. "दोघं एकत्र शिकतील" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात एकाला तरी आधी येत असावं लागतं. वय दातांवरून ताडून बघा. समोरच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला बदलते. पाच वर्षांच्या घोड्याला 'पूर्ण तोंडाचा' म्हणतात. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराला ती दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाला टोकापर्यंत येते. दहानंतरचा अंदाज दोन-तीन वर्षांनी चुकू शकतो. पण सात सांगितलेला घोडा सतरा वर्षांचा निघणं एवढं तरी टळतं.

नर, मादी की खच्ची केलेला? खच्ची केलेला घोडा पहिली पसंती, यात वाद नको. आपल्या बाजारांत बहुतेक नर खच्ची न केलेलेच असतात आणि शेजारच्या तबेल्यातल्या घोडीचा वास आला की शिकवलेलं सगळं विसरतात. "घेऊन मग खच्ची करू" असा विचार असेल तर स्वभाव निवळायला काही महिने जातात, आणि जुन्या सवयी पूर्ण जातीलच याची खात्री नाही. घोडी चालते. साधारण दर २१ दिवसांनी पाच-सात दिवस ती माजावर येते. काही घोड्या त्या दिवसांत चिडखोर होतात, तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना चावायला धावतात. म्हणून घोडीची चाचणी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्या.

उंची 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे ४ इंच. मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो तिथपासून सपाट जमिनीपर्यंत मोजायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला साडेबारा ते साडेतेरा हँड पुष्कळ झाले, मोठ्या माणसाला साडेचौदा-पंधरा. रुबाबासाठी सोळा हँडांचा घोडा घेणारे पुढे चढायला घाबरतात.

वजन पेलण्याचा हिशेब मात्र कागदावर करा. काखेमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे घोड्याचं अंदाजे वजन किलोत. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३४४ किलो येतं. स्वार, खोगीर, हेल्मेट, बूट सगळं मिळून याच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे सुमारे ६९ किलो. खोगीर आणि बाकी सामानाचे १० किलो वजा केले की स्वार ५९ किलोंचा. गोव्याच्या दमट हवेत आम्ही ही मर्यादा १५ ते १७ टक्क्यांवरच ठेवतो. जास्त भार पडलेल्या घोड्याची पाठ दुखते, आणि पाठ दुखणारा गरीब घोडा महिन्याभरात लाथ मारायला शिकतो.

रंग आणि भोवरे

पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), अंगावरचे इतर भोवरे यांवरून घोड्याची किंमत दुप्पट होते आणि अर्धीही होते. श्रद्धा ज्याची त्याची, पण स्वभावाची खात्री भोवऱ्यावरून होत नाही. गुण चांगले आणि भोवरा 'वाईट' म्हणून कुणी नको म्हटलेला घोडा मिळाला तर डोळे झाकून नको, पण आनंदाने बघायला जा. रंगाचा एक व्यवहार मात्र गोव्यात खरा आहे. नुकरा, म्हणजे पांढऱ्या घोड्याची कातडी गुलाबी असते. पांढऱ्या नाकाचीही तशीच. एप्रिल-मेच्या उन्हात ती भाजते, सोलते. पावसात चिखलात उभं राहून पांढऱ्या पायांच्या घोट्यांमागे खरूज धरते. घेऊ नका असं नाही, पण रोज पाय कोरडे करणारं माणूस घरात हवं.

पहिली भेट: घोड्यावर न बसता

जाताना ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. घोडा तुमच्यासाठी आधीच पळवून दमवलेला नसावा. खोगिराच्या जागी घामाचे वाळलेले पांढरे डाग, गरम अंग, ओली छाती दिसली तर त्या दिवशी चाचणी घेऊच नका. पाणी तोडून मरगळ आणायचाही एक वाईट प्रकार आहे. समोर बादली ठेवा. गार सकाळी घोडा न थांबता आख्खी बादली घशाखाली घालू लागला तर कान टवकारा.

गुंगीच्या इंजेक्शनच्या खुणा लक्षात ठेवा: जड पापण्या, लोंबणारा खालचा ओठ, चालताना पायांची अडखळ, आणि नराचं लिंग सैल होऊन बाहेर लोंबत राहणं. वेदनाशामक औषधाने लंगडणंही दिवसभर झाकता येतं. यावर साधा उपाय एकच. तीन-चार दिवसांनी, न सांगता, वेगळ्या वेळी पुन्हा जा.

मग एका बाजूला उभं राहून मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) रोजचं काम करू द्या आणि बघत राहा. मोकळ्या घोड्याला मोहरकी (तोंडावरून घालायची दोरी) घालायला गेला की घोडा तोंड पुढे करतो की पाठ फिरवतो? कान मागे चिकटवून पुठ्ठा दाखवणारा घोडा तुमच्याकडे आल्यावरही तेच करणार. बांधून वीस मिनिटं उभा करा. जाग्यावर डोलणं, दावणीचं लाकूड चावून हवा गिळणं, सारखं खूर आपटणं या खोडी कंटाळ्यातून लागलेल्या असतात आणि सहसा सुटत नाहीत. नंतर खरारा करायला सांगा: पोटाखाली, मांड्यांच्या आत, कानांमागे. चारही पाय उचलून खूर साफ करायला लावा, मग तेच स्वतः करा. उजव्या बाजूनेही. बरेच घोडे फक्त डाव्या बाजूला सरावलेले असतात.

तोंड उघडून बघा. ओठांच्या कोपऱ्यात घट्टे, जिभेवर जुना काप, दातांच्या मोकळ्या जागेत सूज असेल तर तोंड कडक बिटवर चाललेलं आहे. असं तोंड हलका हात ओळखत नाही.

तंग आवळताना तुम्ही स्वतः घोड्याच्या डोळ्याकडे बघा. थोडं कान मागे घेणं ठीक. पोट फुगवून पाठ कमानीसारखी उचलणं, दात दाखवणं, मागचा पाय पोटाकडे मारणं याचा अर्थ बहुधा पाठदुखी, पोटाचा व्रण किंवा न बसणारं खोगीर. आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या: तुमचं इंग्लिश खोगीर या पाठीवर बसतं का? मारवाडीची पाठ अरुंद आणि पुढचा उंचवटा टोकदार असतो, तिथे खोगीर टेकून कातडी सोलते. उंचवटा आणि खोगीर यांच्यामध्ये स्वार बसल्यावरही उभी दोन बोटं गेली पाहिजेत. गोल पाठीच्या तट्टावर हेच खोगीर बाजूला घसरतं.

शेवटी त्याला सोबत्यांपासून दोनशे मीटर लांब एकट्याने चालवत न्या. एखाद-दुसरी हाक मारली तर चालेल. मागे फिरण्यासाठी धक्के मारू लागला, घामाने डबडबला, तर तो घोडा घरी एकटा ठेवता येणार नाही.

खोगिरात

आधी विकणारा किंवा त्याचा माणूस बसेल. तो "आज नको, पायाला लागलंय" म्हणू लागला तर तुम्हीही बसू नका. मग तुमचा प्रशिक्षक बसेल, आणि सगळ्यांत शेवटी ज्याच्यासाठी घोडा घ्यायचा तो. या क्रमात बदल करू नये. हेल्मेट हनुवटीखाली बांधलेलं असलं पाहिजे आणि बुटाला टाच हवी. सपाट चपलेचा पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार फरफटत जातो.

चढताना घोड्याने स्थिर उभं राहावं. लगाम सैल सोडून चालू द्या. गरीब घोड्याची मान लांब होते, पाठ सैल पडते, वेग तोच राहतो. सैल लगामावर वेग वाढवत जाणारा घोडा माणसाने धरून ठेवलेला असतो, शांत नसतो. चालीतून थांबवा, दहा मोजेपर्यंत उभा ठेवा, पुन्हा चालवा, असं पाच-सहा वेळा. दरवेळी थांबायला आधीपेक्षा कमी ओढ लागली तर घोडा ऐकतोय. नंतर दोन्ही दिशांना वर्तुळं, मग दुडकी. दुडकीत स्वार मुद्दाम एखादा ठोका चुकवून धपकन बसेल, रिकिबीतून पाय काढेल, पोटरी जरा जास्त लावेल, थोडा तोल घालवेल. शिकाऊ माणूस हे सगळं रोज करणार आहे. घोडा कान हलवून चालत राहिला, किंवा गोंधळून थांबला, तर उत्तम. अशा वेळी थांबणारा घोडा मिळणं हे भाग्य आहे. पुढे उसळला, मान खाली घालून पाठ उडवली, तर तिथेच बास.

कँटर, म्हणजे दुडकीहून वेगाची दौड, शेवटी, आणि फक्त प्रशिक्षकाने. बघायचं ते कँटर किती सुंदर हे नाही, कँटरनंतर साध्या चालीवर येऊन मान सोडायला घोड्याला किती वेळ लागतो ते. दोन मिनिटांत निवळला तर बरं. दहा मिनिटं फुरफुरत, तिरका चालत राहिला तर तो नव्या माणसाला नेहमीच गरम वाटेल.

गोव्यातले आवाज

चाचणी विकणाऱ्याच्या शांत मैदानात होते, पण जगायचं आहे ते गोव्यात. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा हॉर्न, मागोमाग मासळीवाल्याचा, कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) धप्पकन पडणारा नारळ, वळणावरून अंगावर येणारी भाड्याची मोटारसायकल, गल्लीतली कुत्री, झावळ्यांवर फडफडणारी निळी ताडपत्री. त्यात चतुर्थीतले फटाके, नरकासुराच्या रात्रीची गाणी, शिगम्याचे ढोल-ताशे आणि फेस्ताच्या आतषबाजीची भर. डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी नाचते तेव्हा लाकडी घोडे ढोलावर मजेत डुलतात. खऱ्या घोड्याला तो ढोल दोन हातांवरून ऐकवू नये, पण शंभर मीटरवरून ऐकून तो जेवत राहिला पाहिजे.

म्हणून चाचणीला एक छत्री, एक प्लास्टिकची मोठी पिशवी, एक सायकलचा हॉर्न आणि मोटारसायकल घेऊन जाणारा मित्र सोबत ठेवा. कुणीही पाठीवर नसताना, मोहरकीच्या लांब दोरीवर, वीस मीटरवरून सुरुवात करा. छत्री उघडा. घोडा दचकेल. मोजा. पाच सेकंदांत डोकं खाली आलं, तुमच्याकडे पाहिलं, तर दहा मीटरवर या आणि पुन्हा करा. दुसऱ्या वेळी भीती कमी झाली तर हा शिकणारा घोडा आहे. दर वेळी वाढत गेली, दोरी हिसकून उधळू पाहू लागला, तर पुढचं काहीच बघायची गरज नाही. मोटारसायकल समोरून येताना आणि मागून येताना अशी दोन्ही प्रकारे बघा. मागचा आवाज पुष्कळ जास्त घाबरवतो.

समुद्राची चाचणी वेगळी घ्यावी लागते. देशावरचा घोडा लाट पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला जमीनच अंगावर येतेय असं वाटतं. किनाऱ्यावर नेताना ओहोटीची ओली, घट्ट वाळू निवडा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पुढच्या पायांच्या शिरा (कंडरा) ताणल्या जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे आहेत, तिकडे घोडा नेऊ नये.

दमट हवा, चिरा आणि पाऊस

गोव्याला स्वतःची घोड्याची जात नाही. विजयनगर आणि विजापूरच्या फौजांसाठी अरबी घोडे गोव्याच्याच बंदरात उतरत, पण ते इथून घाटावर जात. कोरड्या हवेच्या जनावराला ही किनारपट्टी सहसा मानवत नाही. राजस्थान किंवा खानदेशातून आणलेल्या काही घोड्यांचा घाम इथे कमी होत जातो आणि शेवटी बंद पडतो. घाम न येणारा घोडा आतून तापतो, नाकपुड्या फुलवून धापा टाकतो, काम टाळू लागतो, चिडका होतो. मालकाला वाटतं की घोडा बिघडला.

म्हणून विकत घेण्याआधी वीस मिनिटं दुडकी करवून मानेवर, खोगिराखाली आणि मांड्यांच्या मध्ये हात फिरवा. सगळीकडे सारखा ओलावा हवा. विश्रांतीत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि नाडी २८ ते ४४ असते, अंगाचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. कामानंतर सावलीत पंधरा-वीस मिनिटांत श्वास विश्रांतीच्या आकड्याजवळ यायला हवा. कोकणात किंवा गोव्यात एक आख्खा उन्हाळा काढलेला घोडा मिळाला तर त्याला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

खूर उचलून वास घ्या. तळव्याच्या मऊ त्रिकोणी भागात काळा पाझर आणि कुजका वास म्हणजे खूर सडतोय, आणि गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात हे दुखणं बळावतं. चिऱ्याची जमीन खडबडीत आणि टणक. सपाट, पातळ तळव्याचा घोडा तिच्यावर ठेचकाळत चालतो. तळवा आत वळलेला, खुराची भिंत जाड, टाच रुंद असावी. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात, तेव्हा नालबंद कोण आणि कुठून येणार हे घोडा घेण्याआधी ठरवा.

डॉक्टर आणि रक्ततपासणी

घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य तुम्ही स्वतः आणा, विकणाऱ्याचा नको. लंगडणं मात्र तुम्हालाही ओळखता यावं. टणक, सपाट जमिनीवर दोरी सैल ठेवून समोरून दुडकी करवा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. निवृत्त रेसच्या घोड्याच्या पुढच्या नळीमागची शीर वरून खाली चाचपा. धनुष्यासारखा फुगवटा म्हणजे जुनी इजा.

रक्ताच्या तपासण्यांत ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या दोन्हींचे अहवाल हातात आल्याशिवाय घोडा आणू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो. तो आढळला की सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि घोडा मारावा लागतो. गोचीड आणि मोठ्या माश्यांच्या भागातून घोडा येत असेल तर सर्रा आणि बबेसिया हे रक्तातल्या परजीवींचे आजारही तपासा. धनुर्वाताची लस टोचलेली नसेल तर पहिल्या आठवड्यातच टोचून घ्या. चार ते सहा आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. रेबीजची लसही सोबत.

सौदा आणि घरी आणणं

दोन ते चार आठवडे चाचणीवर मागा. सगळे देत नाहीत, पण मागावं. करार साध्या कागदावर चालेल. त्यात घोड्याचं वर्णन, फोटो, सांगितलेलं वय, माहीत असलेल्या खोडी आणि दुखणी, आणि "नव्या स्वारासाठी योग्य" हे शब्द लिहून घ्या. हे शब्द लिहायला विकणारा तयार होत नसेल तर तेही एक उत्तरच. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात घोडा आवडला तर तिथल्या गोंगाटात पैसे मोजू नका. मालकाच्या गावी जाऊन पुन्हा बघा.

आणायचा मोसम नोव्हेंबर-डिसेंबर. सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्राही याच सुमारास येते. म्हणजे अंग सरावायला गार महिने मिळतात आणि एप्रिल येईतो घोडा तयार होतो. मेमध्ये आणलेला घोडा आधी उन्हात आणि लगेच पावसात सापडतो. ट्रकमध्ये पशुवैद्याचा दाखला सोबत हवा. मान उंच बांधून ठेवू नका. डोकं खाली नेता आलं नाही तर नाकातली घाण छातीत उतरून न्युमोनिया होतो. दर चार तासांनी थांबून पाणी पाजा आणि चोर्ला किंवा आंबोलीचा घाट पहाटेच्या गारव्यात उतरा.

विकणाऱ्याकडून पंधरा दिवसांचा नेहमीचा चारा आणि दाणा बरोबर आणा. नवा चारा दहा-चौदा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या. इथे सहज मिळतो तो भाताचा पेंढा. एकदम पोटभर दिला तर तो आतड्यात गच्च बसून पोटशूळ उठतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो सुका चारा लागतो, पाणी २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घाम गाळणाऱ्याला रोज ३० ते ५० ग्रॅम मीठ.

पहिले तीन दिवस खोगीर घालूच नका. सकाळ-संध्याकाळ मोहरकीने अंगणात फिरवा, खरारा करा, पोदेर येतो त्या वेळी मुद्दाम फाटकापाशी उभं राहा. चौथ्या दिवशी प्रशिक्षकाने बसावं, ज्याच्यासाठी घोडा आणला त्याने दुसऱ्या आठवड्यात. दाणा कामाच्या मानाने द्यायचा. नवा घोडा म्हणून कौतुकाने दोन किलो हरभरा चारून आठवडाभर बांधून ठेवलं, तर सगळ्यांत गरीब घोडाही आठव्या दिवशी उड्या मारतो. असं झालं तर दाणा निम्मा करा, रोज तासभर चालवा आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा बसून बघा.